पान लागल्यानंतरचा नववा दिवस

ताईच्या घरात सापाला साप म्हणत नाहीत. तो चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. नाव घेतलं की तो परत येतो, असं तिच्या सासूचं म्हणणं आहे आणि त्या घरात म्हणणं एकाच बाईचं असतं.

मुकुटबनजवळच्या शेतात कापूस वेचताना ताईच्या पायाला नाग चावला. तिला वणीला, रुग्णालयात आणलं. मी वणीतच एका दैनिकाचा वार्ताहर आहे. सर्पदंशावरच्या लसीच्या बाटल्या सलाइनमधून दिल्या आणि चौथ्या दिवशी तिला सुट्टी मिळाली. मी चार ओळींची बातमी दिली. शेवटची ओळ सवयीची होती: प्रकृती धोक्याबाहेर. तपशिलासाठी घेतलेलं सुट्टीचं कार्ड माझ्याच पिशवीत राहिलं. पुढच्या पंधरा दिवसांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाल्यास ताबडतोब परत यावं, असं त्यावर खाली इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. बातमीत त्याची गरज नव्हती.

नवव्या दिवशी तिला ताप आला. अंगभर गांधी उठल्या, गुडघे सुजले. भाऊजी आणि सासू तिला जवळच्या खासगी डॉक्टरकडे घेऊन गेले. तो दुसऱ्या राज्यातला होता, मराठी कामापुरती. आधी काही झालं होतं का, असं त्याने विचारलं. त्यांची आई शेजारी बसलेली, म्हणून भाऊजी म्हणाले, ‘‘मांगच्या हप्त्यात पान लागलं होतं.’’

खाल्लेलं पान बाधलं, असं डॉक्टर समजला. ‘‘पान-सुपारी सब बंद,’’ त्याने बजावलं आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. भाऊजींनी मान डोलावली. कार्ड त्यांच्या हातात असतं, तर हा संवाद झाला नसता.

मला फोन आला तो अकराव्या दिवशी. पोचलो तेव्हा ताई खाटेवर होती. चेहरा सुजलेला, मूठ वळत नव्हती.

‘‘काहो पेपरवाले,’’ सासूने दारातच गाठलं, ‘‘धोक्याबाहेर छापलं होतं ना? मंग हे काय व्हय?’’

‘‘दवाखान्यात नेतो.’’

‘‘तिथंच तं बिघडवलं. बाटल्यायनं इष दाबलं, आता उलटलं. संध्याकाळी उतरवणारा येऊन राह्यला. पायाले चिरे देते अन् काढते. तुमच्यावानी छापत नाही.’’

भाऊजी स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. मी खाटेजवळ गेलो तेव्हा ताई हळूच म्हणाली, ‘‘लघवीले फेस येऊन राह्यला, भाऊ. इथं कोणाले सांगू?’’

मी ऑटो बोलावला. सासू ऑटोमागे फाटकापर्यंत शिव्या देत आली.

‘‘विष केव्हाच संपलं,’’ रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लस घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीराला परकी. आठवड्याभरात शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटून गुंते होतात. थोडे असले तर शरीर ते उचलून टाकतं. फार झाले की ते रक्तातून फिरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत, सांध्यांत, मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. शरीर तिथेच त्यांच्यावर तुटून पडतं. जखम होते ती आपल्याच अवयवाला.

औषधांनी सूज दहा दिवसांत उतरली. लघवीही स्वच्छ झाली. निघताना बाईंनी बजावलं, पुन्हा साप चावला तर लस घ्यावीच लागेल, तिला पर्याय नाही. पण मागे हे झालं होतं, हे आधी सांगायचं.

आमच्या दैनिकात याची बातमी आली नाही. धोक्याबाहेर गेलेल्या माणसाची पुढची बातमी तो मेला तरच येते. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: ‘साप चावला होता. लस दिल्यावर नवव्या दिवशी ताप, गांधी, सूज. डॉक्टरला दाखवा.’ पुठ्ठा भाऊजींच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात गेलो तर तो दाराशेजारी टांगलेला होता. पहिला शब्द बॉलपेनने गिरवून गिरवून काळा केला होता. उरलेलं वाक्य ‘चावला होता’पासून सुरू होत होतं.

‘‘कोणी केलं?’’ मी विचारलं.

‘‘आई म्हणे, नाव भिताडावर नोको,’’ भाऊजी म्हणाले.

ताई घरी नव्हती. कापसाचा दुसरा वेचा सुरू झाला होता.