बटणाचा आवाज

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. बाकी सगळं तिला माहीत आहे, अगदी रूमवर चोरून ओढलेल्या सिगारेटीसुद्धा. मग हेच का नाही? भीती वाटते म्हणून. डिसेंबर लागला, मॉलमध्ये नाताळची गाणी सुरू झाली, की आजही मी खरेदी टाकून बाहेर येतो.

मी मस्कतजवळ अल खौदला इलेक्ट्रिशियन आहे. गाव गुहागरकडचं. मला इथे आणलं रफीकभाईंनी. ते दापोलीचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. व्हिसापासून पहिल्या पक्कडीपर्यंत सगळं त्यांनी दिलं. त्यांची एक सवय होती, आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. लाईनला हात लावण्याआधी ते ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबायचे. टक् वाजलं, खटका खाली पडला, की लाईन बंद. मगच शिडीवर. "आवाज ऐकल्याबिगर चढायचं नाय," हे त्यांनीच मला शिकवलेलं.

इथे एका गोव्याच्या मॅडमचा बंगला आहे. दर नाताळात त्या बागेतल्या खजुरींना दिवे लावून घेतात — साधे नाहीत, गाण्यावर नाचणारे. ढोल वाजला की खजुरी पेटतात, गाणं थांबलं की अख्खी बाग काळोखात. त्या वर्षी दव फार पडत होतं. वायरच्या सांध्यांत ओल शिरायची आणि गाणं रंगात आलं की ब्रेकर पडायचा. मॅडम म्हणाल्या, "आज पाहुणे आहेत. आज बंद पडलं तर पुढच्या वर्षी येऊ नका."

रफीकभाई मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला गेले होते. ओला सांधा शोधायला हवा होता. मी काय केलं? दिव्यांची वायर ब्रेकरमधून काढली आणि लाईन डायरेक्ट दिली. ब्रेकर राहिला नुसता शोभेला, खटका पडला तरी दिव्यांची लाईन चालूच. गाणं अडखळलं नाही. मॅडम 'शाब्बास' म्हणाल्या. भाई परत आले तेव्हा त्यांना मी काही बोललो नाही — शिव्या पडल्या असत्या, आणि ती शाब्बासकीही गेली असती. ती मला हवी होती.

मग एका खजुरीवरची माळ पेटेना. गाणं संपलं, काळोख झाला. भाई ब्रेकरच्या पॅनेलपाशी गेले, बटण दाबलं. टक्. खटका पडला, दिवे तर विझलेलेच — त्यांना शंका का यावी? ते चढले. शिडी मी धरली होती.

'भाई, थांबा.' एवढंच म्हणायचं होतं. शेजारी मॅडम, पाहुणे. मनात म्हटलं, मिनिटाचं काम आहे, पुढचं गाणं लागेपर्यंत उतरतील. मूग गिळून उभा राहिलो.

गाणं लागलं.

ते पडले तेव्हा मी पॅनेलकडे धावलो. सगळ्यांना वाटलं, लाईन तोडायला. तोडलीही — पण तिथेच थांबून वायर पुन्हा ब्रेकरमध्ये घातली. भाई वाळूत कण्हत होते आणि मी स्क्रू आवळत होतो. हे आठवलं की मला माझीच भीती वाटते.

हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, "बटण दाबलेलं ना रे मी? टक् झालं ना?"

"नाही भाई. तुम्ही घाईत तसेच चढलात."

 त्यांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

आता ते गावी असतात. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. घरातला बल्ब बदलायलाही माणूस बोलावतात, स्वतःवर भरवसा नाही म्हणतात. तरी दर ईदला मला फोन करतात. स्क्रीनवर नाव दिसलं की चोराच्या मनात चांदणं. कळलं असेल का? पण नाही. "शिडी तू धरलेलीस म्हणून जगलो," म्हणतात. आणि बोलता बोलता अजून एकदा त्या बटणाचंच विचारतात, हसत, जसं काही सहजच. मीही दर वेळी तेच उत्तर देतो.

टक् झालं होतं. मी ऐकलं होतं.