मिरचीचे हात

खालच्या चक्कीवर आज कुणीतरी भिवापुरी मिरची दळायला टाकली आणि माझा गळा पुन्हा पेटला.

सत्तरच्या दशकातली नागपूरची उन्हाळी दुपार. मी कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर. मिरचीची पोती उचलणाऱ्या हमालाला त्याच्या धाकट्या भावानं पाठीवर टाकून आणलं. "मिरची लागली छातीले, बाकी काही नाही," तो म्हणाला. दोघंही मिरचीबाजारातले हमाल, त्यांची छाती रोजच जळायची. पण थोरल्याला गार घाम फुटला होता आणि कळ जबड्यात चढत होती. ईसीजीचे पट्टे बांधतोय तोच त्याचे डोळे फिरले. नाडी लागेना; हृदय थांबलं होतं. मी छातीवर बुक्की हाणली, मग सगळं वजन टाकून दाबत सुटलो. बरगडी कडकन मोडली.

"काहून मारून राहिला बे माझ्या भावाले!" म्हणत धाकट्यानं माझा गळा आवळला, तोंडावर ठोसा हाणला. मिरचीच्या त्या हातांनी कातडी भाजली. माझ्या ओठाचं रक्त थोरल्याच्या छातीवर ठिबकत होतं, तरी मी दाबतच राहिलो. शेवटी थोरलाच कण्हला, "सोड त्याले."

त्या ठोशाचा राग कित्येक वर्षं गेला नाही. आता घरात मी एकटाच असतो. माझी छाती कुणी अशी बडवली, तर त्याचा गळा धरणारं माझं कुणी नाही.