पॉवर सप्लाय मी निवडला होता

माझ्या फजितीचे किस्से आमच्या कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. ऑडिटच्या दिवशी तपासणीचं गेज खिशात घालून मी घरी आलो आणि अख्खा विभाग ते शोधत बसला, हा एक. दुसऱ्याचीच गाडी अर्धा तास किक मारून चालू करत होतो, हा दुसरा. हे मी स्वतःच सांगतो, नकला करून सांगतो. लोक हसतात. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. मिलिंदला तर नाहीच नाही. आणि आता सांगायला बसलोय तर बघा — पुन्हा किश्श्यांपासूनच सुरुवात केली. जो माणूस आपल्या चुका चव्हाट्यावर मांडत फिरतो, तो काही लपवत असेल असा संशय कोण घेईल?

मिलिंद आणि मी चाकणच्या एकाच कारखान्यात आहोत. मी क्वालिटीत, तो फोर्कलिफ्टवर. पिंपरीत त्यांचं घर आहे, वडील कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा बांधलेलं. खाली आई, धाकटा भाऊ सुमेध आणि त्याची बायको, वर मिलिंदचा संसार. वय चाळिशीला टेकलेलं, दोन मुलं — आणि या माणसाला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. मुलांसाठी नाही, स्वतःसाठी. स्टिअरिंग लावून ट्रक चालवायचा गेम खेळायचा होता. मी विचारलं, दिवसभर माल वाहून पोट भरत नाही का? तर म्हणाला, "भावा, रोज चाकण चौकात तासभर अडकतो आपण. मला एकदा मोकळा रस्ता पाहिजे."

बजेट तोकडं होतं. दिवाळीच्या बोनसमधून त्याच्या बायकोनं जेवढं सोडलं तेवढं. आणि पार्ट निवडणार कोण? मीच! मी तोवर एकही कॉम्प्युटर जुळवला नव्हता, हे बसमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. व्हिडिओ मात्र ढीगभर पाहिले होते. महिनाभर येता-जाता मी यादी करत होतो. प्रोसेसर मागच्या पिढीचा चालेल. रॅम आता एक, दुसरी पुढच्या वर्षी. मॉनिटर जुना. पण ग्राफिक्स कार्डात तडजोड नाही, असं मी छाती ठोकून सांगितलं होतं. आणि कॅबिनेट काचेचं, आत रंगीत दिवे असलेलं. ते मिलिंदनं मागितलं नव्हतं, खरं सांगतो. ते मला हवं होतं. घरी येणारा-जाणारा ते पाहणार, मग विचारणार, कुणी केलं रे?

या दोन हौसांचे पैसे आले एकाच ठिकाणाहून — पॉवर सप्लायमधून. सगळ्या पार्टना वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा. तो कुणाला दिसत नाही, त्याला दिवे नसतात, त्याच्याबद्दल बसमध्ये कुणी विचारत नाही. दुकानातला सगळ्यात स्वस्त, नावगाव नसलेला सप्लाय मी उचलला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "साहेब, हा या कार्डाला पुरायचा नाही. कॅबिनेट साधं घ्या, सप्लाय चांगला घ्या." मिलिंद तेव्हा बाहेर गाडी लावायला जागा शोधत होता. मी म्हणालो, "चालतंय हो." तो आत आला तेव्हा बिल झालं होतं.

जुळवताना मी प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरलो. तो किस्सा आठवडाभर बसमध्ये चालला. बघा — ती चूक मी लगेच सांगितली.

चार महिने कॉम्प्युटर मस्त चालला. मिलिंद सुट्टीच्या दिवशी ट्रक घेऊन कुठकुठल्या घाटांतून जायचा. सुमेध शेजारी बसून त्याला रस्ता सांगायचा, चुकला की "दादा, गाडी दरीत घालतोस काय!" म्हणून ओरडायचा. सुमेध वायरमन. वरच्या मजल्याचं सगळं वायरिंग त्यानंच केलेलं, भावाच्या लग्नाआधी, एक पैसा न घेता. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यासाठी वेगळा पॉइंट ओढून दिला, अर्थिंगसकट.

एका रविवारी दुपारी मिलिंदचा फोन आला. फट्ट आवाज झाला, धूर निघाला. मी गेलो. कॅबिनेट उघडलं. सप्लायचं पोट काळं पडलेलं, आणि जाता जाता त्यानं मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही नेलेली. मला किती वेळ लागला कळायला? दोन मिनिटंही नाही. दुकानदाराचा आवाजच कानात आला.

मिलिंद मागे उभा होता. "काय झालं असेल, भावा?" एवढंच विचारलं त्यानं.

आता कारखान्यात काही बिघडलं की आम्ही काय करतो — कागद घेतो आणि 'का' विचारत जातो. उत्तर आलं की त्यालाही 'का'. असं मुळापर्यंत. हे काम मी पंधरा वर्षं करतोय. सवयीनं मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि लिहायला लागलो. कॉम्प्युटर का जळला? सप्लाय फुटला. सप्लाय का फुटला? पेन तिथं थांबलं. खरं उत्तर तीन शब्दांचं होतं — लोड झेपला नाही. मी लिहिलं, व्होल्टेज वरखाली झालं. का? अर्थिंग कच्चं. आणि पेन ठेवलं. सुमेधचं नाव लिहिलं नाही. लिहायची गरज होती का?

सुमेध मीटर घेऊन वर आला. पॉइंटला लावून मला दाखवलं. "दादा, तुम्हीच बघा ना, बरोबर आहे." बरोबरच होतं. मी साहेबासारखी मान हलवली आणि म्हणालो, आत्ता बरोबर दाखवणारच, कधीमधी येणारा दोष मीटरवर सापडत नाही. या वाक्याला कुणाकडेही उत्तर नसतं. मला ते माहीत होतं. म्हणूनच वापरलं. मिलिंद खिडकीकडे बघत म्हणाला, "फुकटचं काम असंच असतं." सुमेधनं मीटरच्या वायरी गुंडाळल्या, अगदी नीट, आणि खाली गेला.

इथं थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, घाबरलो होतो. पण मला जे सांगायचंय ते अजून पुढेच आहे. मी त्याच्याभोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

घरात लहान मुलं, म्हणून महिन्याभरानं मिलिंदनं वरचं सगळं वायरिंग नव्यानं करायचं ठरवलं. चिंचवडहून वायरमन बोलावला. मलाही बोलावलं — जाणकार म्हणून. वयस्कर माणूस होता. त्यानं बोर्ड उघडला, बराच वेळ बघितलं, चष्मा वर केला. म्हणाला, "कुणी केलंय हो हे? चांगलं केलंय की. काढताय कशाला?"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. त्याला हवं होतं मी हो म्हणावं. आज मला ते स्पष्ट दिसतं. कदाचित तेव्हाही दिसलं होतं. धूर नव्हता, घाई नव्हती, भीती वाटावी असं काही नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी काय बोललो?

"दिसायला चांगलंच असतं, राव. बायको पसंत करतानाही तेच होतं!"

तिघंही हसलो. मग वायरमननं मेन स्विच बंद केला आणि वायरी कापल्या. सुमेध खाली घरातच होता. वर छिन्नी चालल्याचा आवाज त्याला दिवसभर ऐकू आला असणार.

पुढं सगळं हळूहळू झालं. भाऊ आधी कमी बोलायला लागले, मग बोलेनासे झाले. सुमेध बायकोला घेऊन मोशीला भाड्यानं राहायला गेला. आई खालच्या घरात एकटी जेवते. दरवर्षी जयंतीला गल्लीची रोषणाई सुमेध करायचा, शिडीवर तो आणि खाली शिडी धरून मिलिंद. आता मंडळ बाहेरून माणूस आणतं. सख्ख्या भावानंच ज्याचं काम उपसून काढलं, त्याला दुसरं कोण बोलावणार? लोकांनी बोलावणं बंद केलं, मग त्यानंच काम सोडलं. गेल्या वर्षापासून तो आमच्याच कंपनीत ठेकेदाराकडे आहे, पॅकिंगला. खोक्यांना पट्ट्या मारतो.

मिलिंद अजून सगळ्यांना सांगतो, पार्ट घ्यायचे तर याला विचारा. याला सगळं कळतं.

गेल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये सुमेध माझ्यासमोर ताट घेऊन बसला. जरा लाजत म्हणाला, "दादा, मलापण तो ट्रकचा गेम खेळायचाय. थोडे साठवलेत. कमीत कमीत पार्ट कुठले घ्यावे, लिहून द्याल का?" मी म्हणालो, देतो की. मग तो आमटीत भात कालवत म्हणाला, "पॉइंट मात्र मी नाही ओढणार. दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. त्या वेळी माझ्याकडून काय चुकलं, ते अजून कळलं नाही बघा. लई विचार केला. पण चुकलं असणारच ना, त्याशिवाय कसं जळेल?"

तो उत्तराची वाट बघत होता. खरंच बघत होता.

मी खिशातलं पेन काढलं आणि यादी लिहून दिली. त्यानं ती दोनदा वाचली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मी ताट उचललं आणि हात धुवायला गेलो.