आत्याच्या काचपट्ट्या

निपाणीत श्वास घेण्याआधी विचार करणारी एकच बाई आहे, आणि ती माझी आत्या. हायस्कूलला विज्ञान शिकवते. कुणाकडे गेली की आधी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवते, ते उजेडात धरून बघते आणि मगच पाण्याचा तांब्या घेते. एका लग्नात तिने असं भरलेलं बोट नवरदेवाच्या बापाला दाखवलं. त्या घराशी आमचं अजून बोलणं नाही. पोरांना ती सांगते, "पोटात काय गेलं ते आई विचारती. छातीत काय गेलं ते कोण विचारणार, रं?"

तिच्या नववीच्या वर्गाला लागून तंबाखूची वखार आहे. तिथे तंबाखू चाळायला लागले की सगळा वर्ग शिंकतो. खिडकीजवळच्या एका मुलीला मात्र धापच लागते. वर्ग पलीकडच्या बाजूला हलवा, असं आत्या शाळेच्या कमिटीला सांगून दमली. कमिटी पुरावा मागते. मी म्हटलं, पत्रक काढू, गावभर वाटू. ती म्हणाली, "पत्रकाला धाप लागत न्हाय." आणि तिने व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या वर्गात टांगल्या. चार दिवसांत धूळ चिकटून त्या तपकिरी झाल्या. खुशीत तिने पोरांना सांगून टाकलं, उद्या कमिटीचे चेअरमन बघायला येणार.

पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्या शाळांत जे होतं तेच झालं. सकाळी फरशी धुतलेली, फळ्यावर फुलं काढलेली आणि पट्ट्या लखलखीत.

"आरशागत हायत की, टीचर," चेअरमनआप्पा म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

दाराशी उभा मी संतापलो होतो. आत्याने फक्त विचारलं, कुणी पुसल्या?

धाप लागणारी तीच मुलगी उभी राहिली. "लई मळल्यात्या बाई. तुमास्नी बोलणी बसतील म्हणून राकेल लावून पुसल्या."

आत्या तिला रागावली नाही. तिचं दप्तर उचलून तिने लांबच्या बाकावर ठेवलं, नव्या पट्ट्या टांगल्या आणि वर्गाची किल्ली स्वतःकडे घेतली.

नव्या पट्ट्या आता पुन्हा तपकिरी झाल्यात. चेअरमन शनिवारी येतो म्हणालेत. मुलीला मात्र आईने संकेश्वरला मामाकडे ठेवलंय, तिथली हवा बरी म्हणून. मामाचं घर तिथल्या साखर कारखान्याच्या धुराड्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे आत्याने त्या आईला आतापर्यंत तीनदा विचारलंय.