अंगठ्याखालची नाडी

…आणि त्याच अंगठ्यानं घात केला, हे काल सांगायचं राहूनच गेलं बघा. छापखान्यातले मास्तर म्हणजे अंगठ्याचे राजे. कागद चिमटीत धरून जाडी सांगतील, शाई वाळली का ते नुसता अंगठा टेकवून. म्हणून तर प्रथमोपचाराच्या वर्गाला मालकांनी त्यांनाच धाडलं. तिथं अर्धा वेळ मास्तरांनी शिकवणाऱ्यालाच छपाईच्या गमती ऐकवल्या आणि खिशाला बिल्ला लावून परतले.

महिनाभरानं, भर दुपारी, बाइंडर गठ्ठा उचलता उचलता धाडकन पडला. सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे. मास्तर ऐटीत खाली बसले, त्याचं मनगट धरलं, वर अंगठा दाबला. ठक, ठक. नाडी घड्याळासारखी चालू आहे, साधी चक्कर आहे, पाणी आणा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पुस्तकं शिवणारी ताई म्हणाली, याची छाती हलत नाहीये. मास्तरांनी तिला आपला सुई-दोरा बघायला सांगितलं.

ती मुलाच्या शाळेत, पालकांसाठीच्या वर्गात, प्रथमोपचार शिकून आली होती. तिनं बाइंडरच्या गळ्याशी दोन बोटं लावून पाहिली, तर ठोका लागेना.

"मास्तर, सरका. अंगठ्यात आपलेच ठोके लागतात."

एवढंच बोलून ती त्याची छाती दाबायला लागली, ती रुग्णवाहिका येईपर्यंत थांबली नाही.

बाइंडर वाचला. मास्तरांची मान मात्र खाली गेली ती गेलीच. बिल्ला खणात पडला. जेवण का जात नाही म्हणून बायकोनं विचारलं, तर पोटाचं निमित्त सांगितलं. ताईनं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबायचं. चारचौघांत बोलली असती तर बरं, असं वाटायचं.

दोन महिन्यांनी बाइंडर कामावर आला. मालक त्या दुपारी नव्हते; त्यांनी आपल्या समजुतीनं त्याला मास्तरांनीच वाचवलं असं सांगून ठेवलेलं. त्यानं सगळ्यांदेखत मास्तरांचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून मी आज उभा आहे, मास्तर."

ताई मान खाली घालून शिवत राहिली. मास्तर नुसते हसले असते, तरी निभावलं असतं. कोण विचारणार होतं? पण त्यांनी हळूच हात सोडवून घेतले.

"तुझा हात धरून मी माझीच नाडी मोजत बसलो रे, आणि जी तुला वाचवायला आली तिला गप्प केलं. आभार तिचे मान. मला जमलं तर माफ कर."