तिकिटाबाहेरचे तीनशे

कासू स्टेशनावरून खाडीकडे उतरलं की बांधाला लागून एक वाडी आहे. तिथल्या सरूच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. बाई चणीने एवढीशी, पण तिने आवाज चढवला की मिठागराचा मुकादमसुद्धा मुकाट बाजूला व्हायचा. नवरा, दाजी, तरणाताठा गेला तेव्हा कान्हू अंगणात रांगत होता. तिने मिठाच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या, तळव्यांच्या भेगांत मीठ गेलं, टाळूवरचे केस गेले, पण कोणाच्या दारात जाऊन हात पसरला नाही. उलट दारात येणाऱ्यालाच चार शब्द सुनवून पाठवायची.

तिच्या सासरी एक रीत होती. दिवाळी सरून मिठागराचं काम सुरू झालं की पहिल्या दिवशी घरच्या बाप्याने रिकाम्या खिशाने आगरात उतरायचं. घरच्या बाईने बांधावरच त्याच्या खिशातली पै न् पै काढून कनवटीला लावायची आणि मागे वळून न बघता घर गाठायचं. म्हणजे म्हणे हंगाम भरून घरी येतो. कधी आला होता भरून, हे सरूला विचारायची सोय नव्हती. दाजीचा खिसा तिने असाच रिकामा केला, पुढे कान्हूचाही.

मग मिठाचे दिवस फिरले. बांध फुटले ते कोणी बांधले नाहीत, मालकांनी आगरं वाऱ्यावर सोडली. कान्हू पेणला वेल्डिंग शिकला. पोरगा हाताचा चांगला, बोलायला मात्र आईच्या अगदी उलटा. दहा शब्दांची गोष्ट दोन शब्दांत उरकायचा. पेणच्या हैबतराव एजंटाने त्याच्यासाठी आखातातली नोकरी आणली. सरूने गळ्यातलं मोडलं. हैबतराव म्हणाला, तिकिटात सगळं आलं काकी, पोराने फक्त चढून बसायचं. तिकिटाबाहेर आणखी काय लागतं ते मेल्याने विसरून सांगितलं नाही, की त्याच्या लेखी ती रक्कमच नव्हती, देव जाणे. व्हिसा हातात पडला तोही अगदी शेवटच्या घटकेला. दुसऱ्या दिवसाच्या आत तिकडे पाऊल पडलं नाही तर नोकरी गेली, इतकं सरूला कोणीही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी पाठ होतं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. अख्खी वाडी एका ट्रॅक्समध्ये कोंबून सहारला निघाली. गळ्यात हार, कपाळाला मळवट, कान्हू बिचारा लाजून अर्धा झालेला. विमानतळाच्या दारात पोलीस म्हणाला, तिकीटवाला आत, बाकीचे मागे. तेव्हा सरू पुढे झाली. तिने पोराच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि शंभराच्या चार नोटा काढल्या.

"आये, थोडे तरी राहू दे," कान्हू म्हणाला.

"तिकडे रुपये काय चाटायचे हायत? रीत मोडू नको. रिकामा जा, भरून ये."

त्याने आईकडे बघितलं, मान हलवली आणि आत गेला. सरूने लगेच पाठ फिरवली. बायका म्हणाल्या, जरा थांबू, काचेतून दिसेल तरी. तिने एकेकीला दंडाला धरून गाडीत बसवलं. थांबायचं नाही, वळायचं नाही. येताना पेणला त्याच पैशांचे पेढे घेतले. दुसरा सबंध दिवस ती दारोदार पेढे वाटत हिंडली. माझा कान्हू इमानात बसला, म्हणत होती; ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याही तळहातावर तिने पेढा ठेवला.

आणि दिवस कलताना कान्हू बांधावरून चालत आला. खांद्याला तीच बॅग. पायांचे तळवे सोलवटलेले, पनवेलपर्यंत पायी आणि पुढे कोणाच्या तरी ट्रकने. व्हिसात घोळ होता, एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

सरू दुसऱ्या सकाळी पेणला. हैबतरावाच्या दारात उभी राहून तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो परोपरीने सांगत होता, व्हिसा चोख होता काकी, काय झालं ते पोराला विचारा. सरू त्याच्या उंबऱ्यावर थुंकून आली. पोराला विचारायची तिला गरजच वाटली नाही. आपलं पोर खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा तोरा होता.

कान्हू मग रोह्याला एका कारखान्यात कंत्राटावर लागला. वेल्डिंग कुठलं, पिंपं धुवायचं काम. वर्ष भरलं नाही तोच एका पिंपातलं रसायन तोंडावर उडालं आणि दोन्ही डोळे गेले. कंत्राटदार दवाखान्यात दोनदा फिरकला, नंतर त्याचं तोंडही दिसलं नाही. सरू परत मिळेल ती मजुरी करू लागली. पोराच्या हातात भाकरी देताना रोज हैबतरावाला शिव्या घालायची. कान्हू गप्प जेवायचा. एकदाच म्हणाला, पुरे गो, त्याचं नाव नको घेऊ. सरूला वाटलं, पोरगा किती सोशिक.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात शेजारच्या पुतळीचा धनेश दुबईला निघाला. जायच्या आदल्या दिवशी कान्हूच्या पाया पडायला आला. सरू मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. ती मजुरीला गेली असेल असं कान्हूला वाटलं असावं, कारण एवढं बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"धन्या, तिकिटाच्या वर सरकारचा कर असतो. परदेशी जाणाऱ्याने तिथेच भरायचा, रोख, आपल्या रुपयांत. माझ्या टायमाला तीनशे होता, आता वाढला असेल. तेवढे आतल्या खिशात ठेव. दारात कोणी मागितले तर देऊ नको. आये मागेल, तरी नाय."

धनेशने विचारलं, मग कोणाकडून मागून घ्यायचे होतेस ना. कान्हू म्हणाला, एकाकडे मागितले. त्याला मी भामटा वाटलो, त्याने पोलिसाला हाक मारली. पोलिसाने बाहेर काढलं. बाहेर येऊन कान्हू गाड्यांच्या रांगेतून धावत सुटला होता, ट्रॅक्स शोधत, आईला हाका मारत. ट्रॅक्स निघून गेली होती.

पडवीत सरूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. धनेश गेला. ती उठून पोरासमोर येऊन उभी राहिली.

"मला का नाय बोललास रं?"

कान्हू दचकला. मग आवाजाच्या रोखाने त्याने तोंड वळवलं.

"मी आलो तेव्हा तू वाडीत पेढे वाटत होतीस. एवढी हसताना मी तुला कधी बघितली नव्हती गो आये."

सरूने तोंड उघडलं. पण साऱ्या वाडीला पुरून उरणाऱ्या त्या बाईला एक शब्द सापडेना. कान्हू थांबला. "आये," त्याने हाक मारली, मग पुन्हा मारली. तो हात पुढे करून हवेत चाचपडत राहिला, कारण ती बोलल्याशिवाय ती कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं.