शेवंता मारुतीची कोण लागते?

"सप्तपदी झाली होती का?"

"न्हाई."

"होम? अंतरपाट? भटजी तरी?"

"न्हाई जी. आमी बौद्ध हाय. दोघांनी बुद्धाच्या तसबिरीपुढं वंदना म्हटली, हार घातलं. झालं लगीन."

समोरचे वकील मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे वळून गोड हसले. "मग साहेब, लग्न झालं कुठं?"

मिरज कोर्टातली, साठच्या दशकातली ही गोष्ट. पिंजऱ्यात उभे होते ते शेवंताचे मामा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. भाचीचं लग्न त्यांनीच लावलं होतं. आणि शेवंताची वकील मी.

मी तेव्हा सांगलीला प्रॅक्टिस करत होते. कायदे-मदत समितीच्या यादीवर माझं नाव होतं. ज्याला वकील परवडत नाही त्याला समितीनं वकील द्यायचा, एवढं साधं काम. ऑफिस म्हणजे कोर्टामागची एक खोली आणि एक डुगडुगतं टेबल. बाररूममध्ये आमची टिंगल चालायची. "काय बाई, धर्माच्या गाई, दात का गे नाही?" मी म्हणायची, "दात मोजायचे असतील तर उलटतपासणीला समोर या!"

शेवंता पलूसकडची. नवरा मारुती मिरजेला रेल्वेत फिटर. सहा वर्षं संसार केला, एक मुलगा झाला. मग यानं दुसरी घरात आणली आणि हिला पोरासकट माहेरी घालवलं. मी पोटगीचा अर्ज केला. पोटगी म्हणजे नवऱ्यानं बायकामुलांच्या पोटापाण्याला द्यायचं ते. त्यावर मारुतीनं उत्तर दिलं, ही माझी बायकोच नव्हे, ठेवलेली बाई होती.

माणूस स्वतः बौद्ध. स्वतःच्या हातानं हार घातलेला. वाचून माझं डोकंच फिरलं.

पण कायद्याची मेख होती. समाजात पूर्वापार चालत आलेल्या रीतीनं लग्न लागलं तर कायदा ते मानतो. या लोकांनी तर जुनी रीत मुद्दाम सोडलेली, आणि नवी जेमतेम काही वर्षांची. "ही पद्धत कधीपासून?" असं वकिलांनी विचारलं, तेव्हा हवालदारमामांनी ताठ मानेनं सांगितलं, "आमी मानसं झालो तवापासनं." साहेबांनी मान वर करून बघितलं. पण ते काही 'पूर्वापार' होत नव्हतं. हवालदारांची साक्ष पुरेल असं मी धरून चालले होते. चूक माझीच होती.

पिंजऱ्यातून उतरताना मामांना राहवलं नाही. "मारुत्या, हार तूच घातलास की रं! हात झडलं न्हाईत तुजं?" साहेबांनी त्यांना गप्प केलं.

मधल्या सुट्टीत समोरचे वकील आले. "बाई, मिटवून टाका. पोराचं देतो. बाईनं बायकोपणाचा हट्ट सोडावा." मी निरोप शेवंताला सांगितला. ती चिंचेखाली पोराला भाकरी भरवत होती.

"मला काय बी दिलं न्हाई तरी चालंल," ती म्हणाली. "पर मी लग्नाची बायकू हाय, ह्ये कोर्टानं लिवलं पायजे. न्हाईतर उद्या शाळंत ह्येला पोरं काय म्हणतील, ठावं हाय न्हवं?"

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "शेवंता, त्यानं तुला बायको म्हणून चारचौघांत कुठं नेलं होतं का?"

"मुंबैला न्हेलं की त्याच्या बहिणीकडं. तीनदा. पासावर."

"कसला पास?"

"आवं, रेल्वेचा! तिकीट कवा काढलंच न्हाई आमी."

मी ताडकन उठले. रेल्वेच्या माणसाला घरच्यांसाठी फुकट प्रवासाचा पास मिळतो, पण त्यासाठी फॉर्म भरावा लागतो. कोणाला नेणार, नातं काय, खाली सही.

पुढच्या तारखेला समन्स काढून पास क्लार्कला कागदांसह बोलावलं. बिचारा चष्मा पुसत एकेक फॉर्म वाचू लागला. "शेवंता मारुती. नातं, वाइफ." दुसरा फॉर्म. वाइफ. तिसरा, त्यात मुलगाही. तिन्हींवर मारुतीची सही.

समोरचे वकील घाईनं उठले. "पास मिळावा म्हणून लोक काहीही लिहितात, साहेब."

मला तेवढंच हवं होतं. "ठीक आहे. परक्या बाईला बायको दाखवून यांच्या पक्षकारानं रेल्वेला तीनदा फसवलं, हे म्हणणं रेकॉर्डवर घ्यावं. नोकरीचं काय करायचं ते रेल्वे बघेल."

मारुतीनं मागून आपल्या वकिलांचा कोट ओढला. ते "थांबा हो" म्हणेपर्यंत हा उभाच राहिला.

"बायकू हाय, साहेब. लग्नाचीच हाय."

बाकावर बसलेले हवालदारमामा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. फौजेतला माणूस!

नवऱ्यानंच भर कोर्टात कबूल केल्यावर साहेबांनी रीतीचा वाद बाजूला ठेवला. निकाल इंग्रजीत झाला. शेवंता म्हणाली, "वकीलबाई, मराठीत सांगा." मी सांगितलं, "तू मारुतीची कायदेशीर लग्नाची बायको आहेस आणि हा त्याचा औरस मुलगा आहे, असं कोर्ट म्हणतं." तिनं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पोटगी किती लागली, ते विचारायचं तिला सुचलंच नाही. ते मीच सांगितलं.

पुढं मी पुष्कळ केसेस लढले, त्यांतल्या काही पेपरात आल्या. पण त्या डुगडुगत्या टेबलावरची ही केस मी मिरवते, आणि मिरवणारच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या वकिलांना सांगते, नवरा बायको नाकारायला लागला की धर्मशास्त्राची पोथी नंतर उघडा. तिच्या नावावर त्यानं काय काय फुकट उपटलंय, ते आधी शोधा.